कसबे मजकूर येथील तांबड्या पेन्सिलीची मोहीम

श्रीलेखणी समर्थ.

आज्ञा जाहली जे, हेग शहराचे वेशीवर, रायस्वाइक उजवे हातास टाकोन आणि झूटरमेराची वाट डावे हातास सोडोन, कालव्याचे काठी जो कसबा वसला आहे, तेथे शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरी फाल्गुन वद्य अमावास्येस, बुधवारी, जे थोर युद्ध जाहले त्याची हकीकत पदरचा मीठमसाला न घालता लेहोन सादर करणे. त्याप्रमाणे लेहिली आहे. कसब्याचे नाव तेथील नगरपालिकेचे अब्रूस्तव लेहू नये ऐशी ताकीद आहे, सबब सर्वत्र कसबे मजकूर म्हटले आहे. काही डोळ्यांनी पाहिले, काही कानांनी ऐकिले, आणि बाकी सर्व स्क्रीनशॉटांवरोन घेतले. स्क्रीनशॉट अस्सल आहेत.

कसबे मजकुरी कालव्याचे दोहो तीरी पुण्यामुंबईकडील संगणकी मंडळी बहुत वर्षे अंमल करोन होती. त्यांत दोन दौलती प्रबळ. उत्तर तीरी राजश्री अंबरीशराव, दिवसा एका बँकेत सॉफ्टवेअरचे दोष धुंडाळीत, ती केवळ पोटाची चाकरी. खरा हुद्दा म्हणावा तर 'मेपलमंथन' या मराठी ब्लॉगाचे धनी आणि कॅनडा देशीच्या निळ्या पक्षाचे समस्त युरोपखंडी सेनापती. दक्षिण तीरी राजश्री शिरीषपंत, 'तांबडे पान' या ब्लॉगाचे धनी आणि त्याच देशीच्या तांबड्या पक्षाचे सरलष्कर. उभयतांनी कॅनडा देश डोळ्यांनी पाहिला नव्हता.

याचे कारण ऐसे की, अंबरीशरावांनी पूर्वी त्या देशी कायम वास्तव्याचा अर्ज केला, तो सहा गुणांनी हुकला, आणि त्या सहा गुणांचा दोष त्यांणी तांबड्या सरकारचे माथी मारिला. शिरीषपंतांस तर बोलावणे येवोन पोहोचले होते, परंतु पुण्याहून पोलिसांचा दाखला येईतो मुदत सरली. तेव्हा त्यांणी तांबड्या सरकारची उदारता आणि पुणे शहराची दिरंगाई या दोहोंवर आजन्म लेहावयाचे ठरविले. मग उभयता नेदरलँडास आले, घरे केली, सायकली घेतल्या, आणि काळजे मात्र अटलांटिकापलीकडे ठेविली.

त्यांचे युद्ध सात वर्षे चालले. दात घासण्यापूर्वी ऑटवाची खबर घ्यावी आणि मग ब्रश घ्यावा, हा उभय छावण्यांचा नित्यनेम. एकाने लेख लेहावा, दुसऱ्याने त्याजवर स्क्रीनशॉटाची तोफ डागावी, मग उभयपक्षीचे शिलेदार कॉमेंटींत उतरोन घनघोर रण करावे, आणि जो सापडेल त्यास ब्लॉक करोन तडीपार करावे. मूस जॉ नामे गावी निळ्यांस किती मताधिक्य मिळाले ते अंबरीशराव झोपेत सांगत. नोव्हा स्कॉशियाचे कोळी कोणावर नाराज आहेत ते शिरीषपंतांस कोळ्यांआधी कळे. परंतु कसबे मजकूरचा महापौर कोण ऐसे पुसता उभयता म्हणत, "असेल कोणीतरी." नगरपालिका दर चार वर्षांनी, पाच वर्षे राहिलेल्या परदेशी रयतेसही, मतदानाचा परवाना घरपोच पाठवी, तो उभयतांचे घरी पिझ्झाच्या जाहिरातीसमवेत रद्दीचे डब्यात रवाना होई.

ऐसे चालले असता अंबरीशरावांच्या मातुश्री सरलाबाई पुण्याहून नव्वद दिवसांचे व्हिसावर कसबे मजकुरी दाखल जाहल्या. घरापुढे हमरस्ता, रस्त्यापलीकडे भाजीबाजार, वाचनालय आणि शाळा, मध्ये सिग्नल. त्या सिग्नलाचा हिरवा दिवा नऊ सेकंद टिके. पळाचे अर्धेही नव्हे. डच लोक उंच, त्यांच्या टांगा लांब, ते नऊ सेकंदांत पार होत. मातुश्रींचे गुडघे पुण्याचे. पहिलेच दिवशी त्या मधल्या चौथऱ्यावर अडकल्या, हाती मेथीची जुडी, दोहो अंगांनी सायकलींचा पूर, आणि वारा ऐसा की पदर सावरावा की जुडी. त्यांणी सूनबाईंस फोन लाविला.

"मृण्मयी, मी रस्त्याच्या मधोमध आहे गं. इकडं येऊ का तिकडं परत जाऊ?"

"आई, हिरवा झाला की या."

"हिरवा होतो गं, पण राहत नाही!"

बावीस मिनिटांनी मृण्मयीबाईसाहेबांनी दवाखान्यातून सायकल दौडवीत येवोन त्यांची सुटका केली. बाईसाहेब नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याचे व्हिसावर आश्रित म्हणोन या देशी आल्या. पुढे डच भाषा हस्तगत करोन दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या मेजावर बसल्या, आणि कसब्यातील एकूण एक आई त्यांस नावानिशी ओळखू लागली. त्यांणी सिग्नलाविषयी नगरपालिकेस पूर्वीच अकरा अर्ज लेहिले होते. अकरांचीही उत्तरे आली, सर्व नम्र, आणि सर्वांत लेहिले जे, आपण लक्ष वेधल्याबद्दल आभार. तेव्हा बाईसाहेबांनी निश्चय केला की लक्ष वेधणे बस जाहले, आता नगरसभेत जावोन बसावे. एका लहानशा स्थानिक पक्षाने त्यांस उमेदवारांचे यादीत एकोणिसावी जागा दिली. एकोणिसावी जागा म्हणजे पंगतीत चपलांपाशी मांडलेले पान. तेथवर वाढपी येत नाही. परंतु त्या देशीचा कायदा ऐसा की, खुद्द नावापुढे पुरेशी मते पडली तर खालचा उमेदवार उडी घेवोन सभेत जातो. बाईसाहेबांस ती उडी एकशे सत्त्याऐंशी मतांची होती. दवाखान्यात येणाऱ्या मातांची साठ मते जमेस धरिली. उरली सारी मराठी मते. आणि ती निम्मी निळी, निम्मी तांबडी, आणि सगळीच कॅनडास.

मग बाईसाहेब अंबरीशरावांचे दिवाणखान्यात गेल्या. तेथे सेनापती कॅनडाचे मॅनिटोबा प्रांताचे नकाशावर झुकले होते.

"तुझ्या ब्लॉगवर माझ्यासाठी एक पोस्ट टाक ना."

"मृण्मयी, ब्लॉग कॅनडाविषयी आहे. वाचकांशी एक बांधिलकी असते."

"तुझे वाचक आपल्याच गल्लीत राहतात."

"शरीराने," ऐसे सेनापती बोलिले.

बाईसाहेब दार हळूच लावोन गेल्या, आणि ज्याणे त्यांस ओळखिले आहे तो जाणतो की तो समय कठीण.

इकडे हे वर्तमान कालवा ओलांडोन दक्षिण तीरी पोहोचले. शिरीषपंतांनी ऐकिले मात्र, तो चहाचा पेला खाली ठेविला आणि त्यांस मसलत सुचली. गनिमाचे घरातली उमेदवार आपले फौजेने निवडोन आणावी, म्हणजे निळ्यांची नाचक्की रेजायनापासून व्हँकुव्हरापर्यंत गाजेल. त्यांणी तत्काळ 'तांबडे पान' यावर फर्मान काढिले: "ज्यांना स्वतःच्या स्वयंपाकघराचा मतदारसंघ राखता येत नाही, ते सस्कॅचवानच्या गोष्टी करतात! तांबडे पान मृण्मयीताईंच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहे." आणि खाली एकाच सकाळी सत्तर शिलेदारांनी अंगठे उठविले.

अंबरीशरावांनी ते दात घासण्यापूर्वी वाचिले. त्या दिवशी दात राहिले ते राहिलेच. तडक स्वयंपाकघरात येवोन म्हणाले,

"तू शिरीषकडे गेलीस?"

"तोच आपणहून पुढे आला."

"मला सांगायचं तरी!"

"पोस्ट आधी तुलाच मागितली होती. तू मॅनिटोबात होतास."

मग सेनापतींचे अंगी वीरश्री संचरली. निळ्यांस कूचाचा हुकूम सुटला की, बाईसाहेब निवडोन येतील तर त्या निळ्या मतांनी येतील, तांबड्यांहून एक मत अधिक घालणे, ढिलाई करील त्यास ब्लॉक केले जाईल. कॅनडाची रीत त्यांस तोंडपाठ होती, सात वर्षे केवळ वाचिली होती, ती आता आजमाविण्याचा मोका आला. कसबे मजकूरचे चार प्रांत पाडिले. सुपरमार्केटापलीकडील भागास अल्बर्टा आणि सायकलतळाचे भागास मॅनिटोबा म्हणो लागले. दारोदार स्वारी निघे. एक्केचाळीस असामींचा जनमत कौल घेतला, त्यांत सात जणांनी विचारिले की पेपर टाकणारे तुम्हीच काय. अंगणात फलक रोवावे तर अंगणे नाहीत, म्हणोन गॅलरीतल्या कोथिंबिरीच्या कुंड्यांत रोविले. खुद्द कॅनडातील ब्रॅम्प्टन आणि कॅल्गरीहून दोहो ब्लॉगांचे पाठीराखे खलिते धाडू लागले. एकाने कळविले की बर्फात प्रचार करिताना मोजे दोन चढवावे. कसबे मजकुरी तेव्हा ट्युलिपास कळ्या आल्या होत्या. तरीही कुशल नामे निळ्या सरदाराने दोन चढविले.

तांबडेही स्वस्थ नव्हते. एके दारी निळा येवोन गेला की मागोमाग तांबडा येई आणि म्हणे, त्याचेच उमेदवारास मत द्या, परंतु आमचे सांगण्यावरोन. शेजारची डच मंडळी चकित जाहली. त्यांणी ऐसे युद्ध कधी पाहिले नव्हते ज्यात उभय सैन्ये एकाच किल्ल्याचे रक्षणार्थ एकमेकांवर तुटोन पडतात. मृण्मयीबाईसाहेब सकाळी वहीत दोहोंची नावे मांडीत, निळे त्रेसष्ट, तांबडे एकाहत्तर, आणि गालात हसत.

ऐसे यश दारी येवोन उभे राहिले असता, मतदानाचे आदले दिवशी दुपारी, शिरीषपंतांनी 'तांबडे पान' यावर एक चित्र टाकिले. चित्रात एक पेन्सिल. पेन्सिल तांबडी. खाली लेहिले: "निळ्या वीरांस कळावे, या देशात मत तांबड्या पेन्सिलीनेच द्यावे लागते. नावापुढचा गोल तांबडा केला नाही तर मत बाद. उद्या काय धरणार, साहेब?"

निळे छावणीत हाहाकार जाहला. येथे मागील वर्तमान सांगणे प्राप्त. शके १९४१ चे शरदात कॅनडा देशी तांबडे पुन्हा गादीवर आले, त्या संतापात अंबरीशरावांनी व्हिडिओपुढे बेलभंडार उचलोन शपथ वाहिली होती की, ऑटवास निळे सरकार येईतो तांबडी वस्तू हाती धरणार नाही. त्यांचे पाठोपाठ निळी फौज कुल जमा त्याच शपथेत बांधली गेली. पुढे दोन निवडणुका जाहल्या, दोन्हींत तांबडे जिंकले. इतकी वर्षे त्रेसष्ट असामी टोमॅटो चमच्याने उचलीत. कुशलाने तांबडी नवी सायकल निम्मे किमतीस फुंकली. ऐशांनी आता तांबडी पेन्सिल धरावी तर शपथ मोडते, न धरावी तर त्रेसष्ट मते बुडतात, आणि ती बुडाली की बाईसाहेबांची उडी निखालस कालव्यात.

दिवेलागणीस अंबरीशरावांचे घरी मसलत बसली. कुशलाने सुचविले की हातमोजे घालावे, म्हणजे पेन्सिल मोज्याने धरिली, हाताने नव्हे. दुसरा म्हणाला, निळ्या पेनाने रंगवावे आणि अपील करावे. तिसऱ्याने शोध लाविला की त्या देशी आपले मत दुसऱ्यास मुखत्यार करोन देता येते. परंतु एका मुखत्यारास दोनच मते चालत, तेव्हा त्रेसष्टांस बत्तीस मुखत्यार लागत, आणि तांबडी पेन्सिल धरणारे इतके मराठी मुखत्यार कसब्यात एकाच छावणीत मिळण्याजोगे होते. हे उमगले तेव्हा ती सूचना तेथेच बारगळली.

"माझं मत तरी तू घाल," अंबरीशराव बाईसाहेबांस म्हणाले. "तुला देतो सही करून."

"नको."

"का?"

"नऊ वर्षं सगळे फॉर्म तूच भरलेस ना माझे? जोडीदाराचं नाव म्हणून माझं नाव लिहिलंस. आता एकदा माझं नाव यादीत आहे, ते तू स्वतः शोधायचं. एकोणीस नंबर. नाही सापडलं तर राहू दे."

इतके बोलोन बाईसाहेब आत गेल्या. अंबरीशरावांचे तोंड उतरले. सात वर्षांत कोणे कॉमेंटीने त्यांस ऐसे घायाळ केले नव्हते.

कोपऱ्यात मातुश्री सरलाबाई मेथी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "अंबू, ती शपथ तू घेतलीस तरी कशी, बघू." व्हिडिओ लाविला. पडद्यावर अंबरीशराव, कपाळी हळद, मुठीत पान, मुद्रा रौद्र.

"थांब. मागं घे जरा. ते पान कसलं?"

"बेल मिळाला नाही गं आई इथं. म्हणून मग…"

"म्हणून काय?"

"भावना महत्त्वाची असते."

"तमालपत्र आहे ते!"

"सुपरमार्केटात तेच होतं."

मातुश्रींनी मेथी बाजूस ठेविली आणि निवाडा दिला, जो निळ्या दौलतीचे दफ्तरी शब्दशः नोंदिला आहे: "अरे, तमालपत्रावर शपथ होत नाही. पुलाव होतो."

सभेत ऐसा हर्ष उसळला की खालचे मजल्यावरील डच गृहस्थाने केरसुणीचे दांड्याने छत ठोकिले. कुशल उठोन स्वयंपाकघरात गेला आणि एक टोमॅटो हाती घेवोन परत आला, तो त्याणे सभेपुढे तैसाच चावोन खाल्ला, आणि त्याचे डोळे पाणावले. ऐसी त्रेसष्ट असामींची मुक्तता जाहली.

परंतु अंबरीशराव उठोन आत गेले. बाईसाहेब मतदानाचे परवाने लावीत होत्या. त्या वर न पाहता म्हणाल्या,

"शपथ खोटी ठरली म्हणून येतोयस, का मला मत द्यायचंय म्हणून?"

अंबरीशरावांनी खुर्ची ओढोन घेतली. कॅनडाविषयी त्यांस उत्तर तत्काळ सुचत असे.

"शपथ खरी असती तरी आलो असतो," ते म्हणाले. "फक्त उशीर केला असता."

"नऊपर्यंत उघडं असतं उद्या," बाईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांचा परवाना त्यांचे हाती दिला.

दुसरे दिवशी अमावास्या. सरलाबाईंनी शंका घेतली, परंतु डच सरकारास पंचांग नाही म्हणोन त्यांणीच शंका मागे घेतली. निळ्यांची फौज सकाळी आठांस अंबरीशरावांचे दारी जमा जाहली, शिलेदार, त्यांची कुटुंबे, बाबागाड्या, त्रेसष्टांपैकी त्रेसष्ट, आणि कूच केले. मतदानाचे ठाणे शाळेत, शाळा रस्त्यापलीकडे, मध्ये तो सिग्नल. हिरवा जाहला, फौज निघाली, नऊ सेकंदांत आघाडीचे आठ असामी चौथऱ्यापर्यंत गेले आणि तांबडा जाहला. पुन्हा हिरवा, चौथऱ्यावरचे पार जाण्यापूर्वी मागचे बारा येवोन आदळले. तिसरे हिरव्यास चौथऱ्यावर एकोणीस असामी, दोन बाबागाड्या आणि एक छत्री ऐसे कोंडले की कुशलाचा एक पाय सायकलमार्गावर लोंबे आणि सायकलस्वार घंटा वाजवीत त्यास वळसा घालीत.

पलीकडचे तीरी शिरीषपंत तांबड्यांनिशी मत देवोन उभे होते, हाती फोन, निळ्यांची फजिती टिपावयास सज्ज.

"या साहेब, या!" पंत ओरडले. "कॅनडा इकडं आहे!"

"बटण दाब!" चौथऱ्यावरोन अंबरीशराव ओरडले. "शिरीष, बटण दाब ना रे!"

पंतांनी पाहिले. चौथऱ्यावर एकोणीस माणसे एकमेकांस धरोन वाऱ्यात उभी, एका लेकराची टोपी उडोन कालव्याकडे चालली. मग पंतांनी फोन खिशात घातिला, एका उडीत टोपी धरिली, खांबाशी गेले आणि बटणावर अंगठा ठेविला. तांबड्यांतील दोघे असामी रस्त्याचे कडेस राहोन सायकलींस हात दाखवो लागले, बाकी चौथऱ्यावरोन बाबागाड्या ओढो लागले. पंत अंगठा उचलीनात. सतरा वेळा हिरवा जाहला तेव्हा शेवटला निळा पार पडला. त्या अंगठ्यास पुढे दोन दिवस शेक द्यावा लागला.

ठाण्यात मतपत्रिका सतरंजीएवढी. अंबरीशराव ती घेवोन आडोशास गेले, आणि बाहेर रांग खोळंबली. पेन्सिल सुतळीने बांधली होती. त्यांणी यादी वाचिली, पहिले नाव, दुसरे, कोणी ओळखीचे नव्हते, दहा, अकरा, इतकी वर्षे या गावी राहिलो आणि ही माणसे कोण, सतरा, अठरा. मग एकोणिसावे. छापील अक्षरांत. ते नाव त्यांणी दोनदा वाचिले आणि गोल ऐसा भरिला की कागदास पलीकडून उठाव आला.

बाहेर शिरीषपंत अंगठा फुंकीत उभे होते.

"धरलीस?"

"धरली."

"कशी होती?"

"बोथट," अंबरीशराव म्हणाले.

पंतांनी यावर काही लेहिले नाही, आणि सात वर्षांत त्यांणी न लेहिलेली ती पहिली गोष्ट होय.

दुसरे दिवशी पाडवा. गॅलरीत गुढी उभारिली खरी, परंतु नावनिशीची मोजणी बाकी होती म्हणोन बाईसाहेब श्रीखंडास शिवल्या नाहीत. द्वितीयेस, शुक्रवारी, निकाल आला: हवी होती एकशे सत्त्याऐंशी, पडली एकशे चौऱ्याण्णव. शके १९४८, नाव पराभवनाम संवत्सर, त्याचे दुसरेच दिवशी हा जय जाहला. हत्ती नव्हता, सबब पुढे पेटी जोडलेल्या सायकलीत साखर घालोन कालव्याचे दोहो तीरी वाटिली. सायंकाळपर्यंत उभय ब्लॉगांत तुंबळ पुन्हा जुंपले: निवडोन कोणी आणिले? अंबरीशरावांनी त्रेसष्टांचा हवाला दिला, पंतांनी अंगठ्याचा. ब्रॅम्प्टनहून विचारणा आली की बाईसाहेब नेमक्या कोणत्या पक्षाच्या. त्यास अंबरीशरावांनी उत्तर धाडिले जे, त्या मृण्मयीच्या पक्षाच्या, आणि सिग्नलाविषयी काही पुसणे असल्यास त्यांस पुसावे, मला त्यांतले कळत नाही.

बाईसाहेबांनी नगरसभेत आसन घेतिले आणि पहिलाच ठराव सिग्नलाचा मांडिला. वैशाख वद्य दशमीस, मातुश्रींचे व्हिसास आठ दिवस उरले असता, हिरवा दिवा नऊवरोन सोळा सेकंदांचा जाहला. त्या दिवशी सकाळी दहांस मातुश्री सरलाबाई काठी टेकीत निघाल्या, वाटेत कोठे न थांबता रस्ता पुरा ओलांडिला, आणि दिव्याकडे वळोन पाहिले तो अद्याप हिरवा. पलीकडे त्या दिवशी त्यांस काहीच काम नव्हते. म्हणोन परत आल्या, आणि पुन्हा गेल्या.

येणेप्रमाणे कसबे मजकूर फत्ते जाहला, उभय सैन्ये शाबूत, प्राणहानी नाही, एक अंगठा जखमी. ही नोंद साक्षीने केली असे.